खेळ शिकविणारी बाई

आपल्या मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला की, स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप घरोघर जातो. यंदा तो माझ्याही घरी आला. मी सातवी शिकलेली बाई. किराण्याची यादी आणि दुधाचा हिशेब यांपलीकडे लेखणी हाती धरण्याचा प्रसंग मला फारसा येत नाही. पाककृती द्यावी म्हटले, तर पातोडीची भाजी आणि रोडगे आपल्यापैकी कोणाला येत नाहीत? म्हणून जी गोष्ट गेले वर्षभर आमच्या घरात बोलली जात आहे, तीच येथे मांडते. विषय खेळाचा आहे. बायकांच्या स्मरणिकेत खेळ कशाला, असे जिला वाटेल तिने शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

माझ्या मोठ्या जाऊबाईंची मुलगी अमरावतीला शिकली. शाळेत असल्यापासून तिला बास्केटबॉलचा नाद. कॉलेजच्या संघात ती तीन वर्षे खेळली आणि पुढे तिने शारीरिक शिक्षणाची बी. पी. एड. ही पदवी घेतली. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिला पाहावयास पाहुणे आले. माणसे चांगली होती. चहापोहे झाले, शेतीवाडीच्या गोष्टी झाल्या, आणि मुलाच्या आईने सहज विचारले, "खेळणं वगैरे आता बंद झालं ना?"

मुलगी म्हणाली, "हो, माझं खेळणं संपलं. आता मी मुलींना शिकवणार आहे."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले. "कळवतो" म्हणून ते गेले, आणि त्यांचा निरोप काही आला नाही.

त्या रात्री आमच्या घरी कोणी नीट जेवले नाही. जाऊबाई म्हणाल्या, "एवढं बोलायची काय गरज होती? हो म्हणून गप्प बसायचं." मुलगी म्हणाली, "आई, आणि मग लग्न झाल्यावर ते खोटं कोणी निस्तरायचं?" मी भाकरी वाढीत होते. दोघींचेही म्हणणे मला पटत होते, आणि म्हणूनच मला काही बोलता येईना.

मला माझे सातवीचे दिवस आठवले. आम्ही काही मुली मधल्या सुटीत कबड्डी खेळत असू. माझी आजी तिला हुतुतूच म्हणे. त्या वर्षी आमच्या शाळेचा मुलींचा संघ निवडला गेला. त्यात माझेही नाव होते. सामने अकोल्याला व्हावयाचे होते. परंतु मुलींबरोबर जाईल अशी एकही शिक्षिका त्या शाळेत नव्हती. गुरुजी चांगले होते, पण "रात्रीचा मुक्काम पडला तर?" असे प्रत्येकीच्या घरी विचारले गेले, आणि एकामागून एक सगळ्यांनी नकार दिला. संघ गेला नाही. पुढे माझी शाळाही सुटली. त्या वेळी शिकविणारी बाई असती तर मी मोठी खेळाडू झाले असते, असे मी म्हणत नाही. पण अकोल्याचे मैदान तरी पाहिले असते.

तेव्हा, शिकविणारी बाई असली म्हणजे काय होते आणि नसली म्हणजे काय राहून जाते, हे नीट समजून घ्यावे असे माझ्या मनाने घेतले. पुतणी सुटीत घरी असली की दुपारी गहू निवडता निवडता ती सांगे आणि मी वहीत टिपून घेई. तीच माहिती पुढे देते.

टोपलीचा खेळ

बास्केट म्हणजे टोपली, आणि हा खेळ खरोखरच टोपलीपासून निघाला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतात स्प्रिंगफिल्ड नावाचे गाव आहे. तेथे व्यायामशिक्षक तयार करणारी एक शाळा होती. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडे, मैदाने बंद होत, आणि तरुण मुले छपराखाली त्याच त्याच कवायती करून कंटाळून जात. तेव्हा तेथील शिक्षक जेम्स नायस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये एक युक्ती केली. पीच नावाची फळे ठेवण्याच्या दोन टोपल्या त्यांनी सज्जाच्या कठड्याला दोन बाजूंना ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता. चेंडू घेऊन धावावयाचे नाही, एकमेकांना ढकलावयाचे नाही, फक्त हाताने चेंडू टाकीत जाऊन समोरच्या टोपलीत घालावयाचा. असे त्यांनी १३ नियम केले. टोपलीला बूड असल्यामुळे चेंडू आत पडला की कोणीतरी शिडीवर चढून तो काढावा लागे! पुढे टोपलीच्या जागी लोखंडी कडे आणि बिनबुडाची जाळी आली, धावताना चेंडू जमिनीवर आपटीत न्यावयाची मुभा मिळाली, एका बाजूला पाच जण ठरले. पण कड्याची उंची आजही दहा फूटच आहे.

त्या गावाजवळच नॉर्थॅम्प्टन येथे मुलींचे स्मिथ कॉलेज आहे. तेथे सेंडा बेरेन्सन नावाच्या तरुण बाई मुलींना व्यायाम शिकवीत. या नव्या खेळाची हकीकत त्यांच्या वाचनात आली, आणि १८९२ साली त्यांनी तो आपल्या मुलींना शिकविला. मार्च १८९३ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलींचा सामना झाला. त्या वेळी पुरुष प्रेक्षकांना आत सोडले नव्हते. मुलींना धाप लागणे बरे नव्हे, अशी त्या काळच्या लोकांची समजूत. म्हणून बेरेन्सनबाईंनी मैदानाचे तीन भाग केले आणि प्रत्येकीने आपल्याच भागात खेळावे असा नियम घातला. दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावण्यास बंदी केली. लोकांना रुचेल एवढेच त्यांनी आरंभी केले, पण खेळ बंद पडू दिला नाही. भगिनींनो, मला यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी वाटते. खेळ जन्माला आल्यावर थोड्याच काळात तो मुलींपर्यंत पोचला, कारण मुलींना शिकविणारी एक बाई तेथे आधीपासून उभी होती.

आपल्या देशात या खेळाचा प्रसार ख्रिस्ती युवक संघाच्या व्यायामशिक्षकांनी केला. त्यांचे मद्रासचे शारीरिक शिक्षणाचे कॉलेज १९२० साली निघाले. आज आपल्या महाराष्ट्रात गावोगावच्या कॉलेजांत मुली हा खेळ खेळतात. पुण्याची शिरीन लिमये तर भारताच्या संघातून खेळली.

शेतकऱ्याची मुलगी

आता ज्या बाईंची गोष्ट ऐकून माझ्या जाऊबाईंनीही हातातले सूप खाली ठेवले, ती सांगते. त्यांचे नाव पॅट समिट. माहेरचे आडनाव हेड. त्यांचा जन्म १४ जून १९५२ रोजी अमेरिकेतील टेनेसी प्रांतात क्लार्क्सव्हिल येथे झाला. घर शेतकऱ्याचे. तीन मोठे भाऊ आणि एक धाकटी बहीण. आपल्याकडे जशी कपाशी आणि ज्वारी, तशी तेथे तंबाखू आणि गुरांसाठी वाळलेले गवत. गायी पिळणे, तंबाखू खुडणे, गवताचे भारे उचलणे ही कामे तिला भावांच्या बरोबरीने करावी लागत. वडील फार कडक. रात्री कामे संपली की गोठ्याच्या माळ्यावर, गवत ठेवण्याच्या जागेत, भावांबरोबर ती बास्केटबॉल खेळे.

मुलगी हायस्कुलात जाण्याजोगी झाली, तेव्हा अडचण आली. गावच्या शाळेत मुलींचा संघच नव्हता. तेव्हा त्या कडक वडिलांनी काय करावे? मुलीला खेळता यावे म्हणून सारे बिऱ्हाड शेजारच्या भागात हेन्रिएटा येथे हलविले. हे ऐकून आमच्या घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही.

कॉलेजात भावांना खेळासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या होत्या. मुलींसाठी तशी सोयच नव्हती, म्हणून तिचा खर्च आईवडिलांनी केला. शेवटच्या वर्षी गुडघ्याला मोठी दुखापत झाली. आता खेळणे सोडा, असा सल्ला मिळाला. पण तिने पाय बरा केला आणि १९७६ साली माँट्रिअल येथे ऑलिंपिकमध्ये उतरली. स्त्रियांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये त्याच वर्षी प्रथम आला. अमेरिकेच्या संघाला रौप्यपदक मिळाले, आणि संघाच्या दोन कर्णधारांपैकी ती एक होती.

पण त्याच्याही दोन वर्षे आधी तिचे शिकविणे सुरू झाले होते. १९७४ साली ती टेनेसी विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी गेली, तेव्हा मुलींच्या संघाला शिकविणाऱ्या बाईंनी अचानक काम सोडले, आणि संघ हिच्यावर सोपविण्यात आला. वय अवघे २२! संघातल्या काही मुली तिच्याहून एखाद्या वर्षानेच लहान. पगार महिना अडीचशे डॉलर. मुलींचे खेळाचे कपडे ती स्वतः धुई. सामन्याला जावयाची गाडी ती स्वतः चालवी. कपड्यांसाठी पैसे नव्हते, तेव्हा डोनट नावाचा तळलेला गोड पदार्थ विकून पैसे उभे केले. आपले मंडळ जसे संक्रांतीला तिळगूळ विकून सतरंज्या घेते, तसेच की नाही? आणि पहिला सामना? तो ८४-८३ असा एका गुणाने हरला.

तेथून ३८ वर्षे त्या एकाच विद्यापीठात शिकवीत राहिल्या. १,०९८ सामने जिंकले, २०८ हरले. देशातील विद्यापीठांचे अजिंक्यपद त्यांच्या मुलींनी आठ वेळा मिळविले. पहिले १९८७ साली, शेवटचे २००८ साली. १९९७-९८ च्या हंगामात तर ३९ पैकी ३९ सामने जिंकले. १९८४ साली लॉस एंजेलिसला अमेरिकेच्या ज्या मुलींनी ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेतले, त्यांच्या शिक्षिकाही याच.

हे आकडे मोठे आहेत खरे. पण मला आवडली ती दुसरीच गोष्ट. त्यांचा नियम असा की, खेळाडू मुलीने वर्ग चुकवावयाचा नाही आणि वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसावयाचे. ज्या मुली खेळाची सारी वर्षे त्यांच्या हाताखाली पुरी करून गेल्या, त्यांतली एकही पदवीवाचून राहिली नाही. खेळाने अभ्यास बुडतो, असे आपण म्हणतो. तेथे शिकविणारीनेच तो बुडू दिला नाही.

ऑगस्ट २०११ मध्ये त्यांनी जाहीर केले की, आपल्याला अल्झायमर हा स्मृती नाहीशी होत जाण्याचा आजार झाला आहे. वय ५९. तरीही एक हंगाम त्यांनी शिकविले. एप्रिल २०१२ मध्ये त्या बाजूला झाल्या. त्यांच्या जागी आल्या हॉली वॉरलिक, एके काळच्या त्यांच्याच खेळाडू आणि पुढे २७ वर्षे त्यांच्या मदतनीस. त्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षांनी समिटबाईंना त्या देशाचा सर्वांत मोठा नागरी सन्मान दिला. २८ जून २०१६ रोजी त्या वारल्या. ज्या बाईला अखेरीस आठवत नव्हते, तिचे शिकविलेले इतर कित्येकींना आठवत होते. शिक्षकाच्या जन्माला याहून मोठे फळ ते कोणते?

मात्र हे सारे एकट्या बाईच्या जिद्दीने झाले असे समजू नये. १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला की, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने स्त्री म्हणून कोणाला डावलता कामा नये. त्यामुळे मुलींच्या खेळाला हळूहळू पैसा आणि शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. यातही एक मौज आहे, किंवा खेद म्हणा. त्या वर्षी तेथील कॉलेजांत मुलींच्या सर्व खेळांचे मिळून शंभर संघ धरले, तर नव्वदाहून अधिकांना शिकविणाऱ्या बायका होत्या. पुढे पगार वाढले, मान वाढला, तसे त्या कामाला पुरुष येऊ लागले, आणि आता बायकांचा वाटा निम्म्याहूनही कमी झाला आहे. फुकटचे काम होते तोवर ते बाईचे. पगार आला तशी बाई मागे पडली. हे ऐकून मला आपल्याकडचीही पुष्कळ कामे आठवली.

"आपल्या इकडचं सांग"

ही हकीकत चालली असता सासूबाई खाटेवर पडून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "ते अमेरिकेचं राहू दे वं. तिथल्या बाया काहीही करतील. आपल्या इकडं कोण्या बाईनं असं केलं, ते सांग."

प्रश्न रास्त होता. पुतणी म्हणाली, "आजी, तुमच्या हुतुतूचीच गोष्ट आहे."

आपल्या वऱ्हाडाला या बाबतीत अभिमान वाटावा असा इतिहास आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केले. १९३६ साली जर्मनीत बर्लिन येथे ऑलिंपिक झाले, तेव्हा या मंडळाच्या पथकाने तेथे आपले देशी खेळ करून दाखविले. त्यांत हुतुतूही होता. आपल्या मातीतला खेळ साता समुद्रापलीकडे प्रथम नेला तो असा अमरावतीकरांनी. १९५५ पासून स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धा होऊ लागल्या. आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० साली आली. स्त्रियांना मात्र २०१० पर्यंत वाट पाहावी लागली. २०१० आणि २०१४, दोन्ही वेळा सुवर्णपदक भारताच्या मुलींनीच घेतले. २०१४ च्या अंतिम सामन्यात हरलेला संघ इराणचा होता.

आता नाशिकच्या शैलजा जैन यांच्याकडे वळू. शैलजाताई आधी कबड्डी खेळल्या आणि मग शिकवू लागल्या. नाशिकला त्यांनी अनेक वर्षे मुलींचे संघ घडविले. आपल्या देशाच्या संघाला शिकवावे अशी त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नव्हती. ज्या वयात आपण नातवंडे सांभाळतो आणि गुडघ्याला तेल लावतो, त्या वयात त्यांना इराणमधून बोलावणे आले की, आमच्या मुलींना शिकवा.

परका देश, परकी भाषा, परके अन्न. शैलजाताई शाकाहारी, आणि तेथे ताटात मांस नेहमीचे. मुलींना मराठी येत नाही, यांना फारसी येत नाही. शैलजाताई साठीच्या घरात फारसी शिकल्या. इराणी मुली डोक्याला रुमाल बांधून आणि अंग पूर्ण झाकून खेळतात. तेथे मुलींच्या खेळाला बाईच जवळची. सव्वाशे वर्षांपूर्वी स्मिथ कॉलेजच्या दारात पुरुषांना थांबविले होते, ते येथे मला आठवले. जेथे दार असे अर्धे उघडे असते, तेथे आत जाऊन शिकविणारी बाई नसेल, तर मुलींचा खेळच राहत नाही.

कबड्डीत दम हा मुख्य. चढाई करणारीला तीस सेकंद एका श्वासात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत परक्या अंगणात जावयाचे, समोरच्या सात जणींतून वाट काढावयाची, कोणाला तरी शिवावयाचे आणि श्वास तुटण्याच्या आत परतावयाचे. म्हणून शैलजाताईंनी तेथील मुलींच्या सरावात योगासने आणि प्राणायाम आणले. त्या मुली अंगाने दणकट होत्याच. श्वास आणि मन स्थिर ठेवण्याचे हे शिक्षण त्यांना आपल्याकडून मिळाले.

सुमारे दीड वर्षाच्या मेहनतीनंतर २०१८ चे आशियाई खेळ इंडोनेशियात जकार्ता येथे भरले. २३ ऑगस्टला आपल्या पुरुषांचा संघ उपांत्य सामन्यात इराणकडून २७-१८ असा हरला. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, मुलींचा अंतिम सामना: एका बाजूस भारत, दुसऱ्या बाजूस इराण. मध्यंतराला आपल्या मुली १३-११ अशा पुढे होत्या. पण उत्तरार्धात इराणी मुलींनी सामना फिरविला, आणि २७-२४ असा जिंकला. इराणच्या मुलींचे हे पहिले सुवर्णपदक. इराणी मुली आनंदाने रडत होत्या, भारताच्या मुली दुःखाने, आणि दोन्हींकडे पाहणारी एक मराठी बाई तेथे उभी होती.

आमच्या घरात येथे वाद झाला. माझे यजमान म्हणाले, "आपल्याच देशाला हरवलं. याचं काय कौतुक?" मलाही क्षणभर तसेच वाटले. पण सासूबाई, ज्यांनी हा प्रश्न काढला होता, त्याच म्हणाल्या, "काऊन? लेक सासरी दिली म्हणजे तिनं सासरचीच चूल नीट पेटवायची. माहेरचा धूर आठवत बसली तर दोन्ही घरं उपाशी." मी यावर पुष्कळ विचार केला. ज्या घरचे काम पत्करले ते मन लावून करावे, हे आपण मुलींना लहानपणापासून सांगतो. मग तेच काम एका बाईने मैदानावर केले, तर ते आपल्याला का सलावे? आणि त्या पराभवाने आपल्या मुलींचे कायमचे नुकसानही झाले नाही. पुढील आशियाई खेळ चीनमध्ये हांगझोऊ येथे २०२३ साली झाले, तेव्हा अंतिम सामन्यात चिनी तैपेईला २६-२५ असे एका गुणाने हरवून त्यांनी सुवर्णपदक परत आणले. शेजारीण चांगला स्वयंपाक करू लागली की आपणही मीठ-तिखट नीट पाहू लागतो, तसेच हे.

मला काय उमगले

या दोन बाया दोन टोकांच्या. एक बावीस वर्षांची असताना शिकवू लागली, दुसरीच्या नशिबी मोठे यश आले ते साठीच्या सुमारास. एक आपल्या प्रांतात ३८ वर्षे राहिली, दुसरी परदेशी गेली. तरी दोघींत एक गोष्ट सारखी आहे. दोघी आधी स्वतः खेळल्या होत्या. गुडघा कोठे दुखतो, महिन्याच्या अडचणीच्या दिवसांत मुलगी का मागे राहते, घरून परवानगी आणताना काय सांगावे लागते, हरल्यावर रडू कोठे लपवावे, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

खेळणारीचे दिवस थोडे असतात. दहा, फार तर पंधरा वर्षे. शिकविणारीचे दिवस मात्र चाळीस वर्षेही पुरतात, आणि एकीच्या हाताखालून शेकडो मुली जातात. मुलीचे खेळणे संपले म्हणून तिच्यातला खेळ संपला असे समजून आपण तिला चुलीपुढे बसविले, तर तिच्या एकटीचेच नव्हे, तिच्या मागून येणाऱ्या सगळ्यांचे नुकसान होते. आमच्या शाळेत तेव्हा शिक्षिका नव्हती, कारण आमच्या आधीच्या ज्या कोणी खेळल्या असतील, त्यांनाही असेच विचारले गेले असेल, "आता बंद झालं ना?"

दहा फूट

आता आमच्या घरची गोष्ट पुरी करते. पुतणीला अजून कायमची नोकरी नाही. आठवड्यातून चार दिवस ती एका ठिकाणी मानधनावर शिकवते आणि रविवारी बाळापूरला असते. गेल्या उन्हाळ्यात आपल्या मंडळाच्या बैठकीत मी भीत भीत विषय काढला की, मंडळाच्या जागेत मागे जी मोकळी जमीन आहे, तेथे एक कडे लावावे. तुम्ही सर्वांनी 'हो' म्हटले, त्याबद्दल येथे लेखी आभार मानते. भिशीतून उरलेल्या पैशांत एक चेंडू आला. लोखंडी खांब आणि कडे वेल्डिंगवाल्या भाऊंनी मजुरी न घेता करून दिले. ते विचारू लागले, "ताई, उंची किती ठेवू? पोरी लहान आहेत, जरा खाली लावतो." पुतणी म्हणाली, "नाही भाऊ, दहा फूट. सगळीकडे दहाच असते." टेप लावून दहा फूट मोजले, आणि मला त्या स्प्रिंगफिल्डच्या सज्जाच्या कठड्याची आठवण झाली.

पहिल्या रविवारी तीन मुली आल्या. आता अकरा येतात. मराठी शाळेतल्या आहेत, उर्दू शाळेतल्याही आहेत. त्यांच्या आया कडेला बसून शेवया वळतात, लसूण सोलतात, आणि चेंडू आला तर हातातले काम टाकून परत फेकतात. पावसाळ्यात मन आणि म्हैस या दोन्ही नद्यांना पूर आला तेवढे दोन रविवार खेळ बंद राहिला, बाकी कधी नाही. गेल्या महिन्यात या मुली अकोल्याला एका सामन्यासाठी गेल्या. बरोबर पुतणी होती, आणि मोठी बाईमाणूस म्हणून मी होते. मुली हरल्या, चांगल्या सपाटून हरल्या. परतताना एस. टी. मध्ये दशम्या आणि ठेचा खाऊन सगळ्या झोपी गेल्या. मी मात्र जागी होते. ते मैदान मी पाहिले होते. जावयाला मला तीस वर्षे लागली.

स्थळे पाहणे चालूच आहे. परवा पुन्हा पाहुणे आले होते. पुन्हा तोच प्रश्न निघाला. या खेपेस मुलगी बोलण्याच्या आत जाऊबाईच म्हणाल्या, "आमची मुलगी खेळ शिकवते. लग्नानंतरही शिकवील. चालत असेल तर बसा, मी चहा टाकते." पाहुणे बसले. पुढे काय होईल ते बाळादेवीच्या हाती. परंतु जाऊबाई चहा टाकण्यास आत आल्या, तेव्हा त्यांचा हात थरथरत होता आणि चेहरा मात्र हसरा होता, एवढे मी पाहिले.

भगिनींनो, तुमच्यापैकी जी कोणी शाळाकॉलेजात काही खेळली असेल, लंगडी, खोखो, कबड्डी, काहीही, तिने रविवारी संध्याकाळी पाच वाजता मंडळाच्या मागील जागेत यावे. धावता येत नसेल तरी चालेल. मुलींना सांगण्यासारखे तुमच्याजवळ पुष्कळ आहे, आणि ते तुमच्याबरोबर संपू नये. इतके सांगून मी माझे चार शब्द पुरे करते. चुकलेमाकले पदरात घ्यावे.